शेवटची आठ घरं

मावशीचा जुना संगणक कायमचा बंद पडला तेव्हा घरातल्या प्रत्येकाने तिला एकेक सल्ला दिला, आणि मावशीने नेहमीप्रमाणे सगळे सल्ले या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिले. मग तिने भाच्याला फोन लावला. "खुडबुड्या, माझी पट्टी मुकी झालीय," ती म्हणाली. "जेवून ये, वेळ लागेल."

खुडबुड्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी त्याने मावशीचं बोलणारं घड्याळ उघडून पाहिलं, आणि ते घड्याळ त्यानंतर जन्मभर फक्त सव्वाचारच सांगत राहिलं. तेव्हापासून ती त्याला हेच म्हणते. पुढे त्याने याच खोडीवर पोट भरायचं ठरवलं. तो यंत्रांसाठी ड्रायव्हर लिहितो. म्हणजे संगणक आणि त्याला जोडलेलं यंत्र यांच्या मध्ये उभा राहून एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळवणारा प्रोग्राम. मध्यस्थाच्या वाट्याला जे येतं तेच याच्या वाट्याला येतं: जमलं तर कुणाला आठवण नाही, फिसकटलं तर सगळे त्याच्या नावाने खडे फोडतात.

मावशीला जन्मापासून दिसत नाही. यावर कुणी हळहळू नये, कारण हळहळणाऱ्याची ती अशी फिरकी घेते की तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. ब्रेल पुस्तकांच्या छापखान्यासाठी ती प्रुफं तपासते, घरी बसून, आणि तिच्या हातून गेलेल्या पुस्तकात चूक सापडली असं छापखान्यात कुणाला आठवत नाही. हे सगळं ती त्या पट्टीवर करते. पट्टी म्हणजे कीबोर्डाच्या पुढे ठेवायची हातभर लांब चपटी पेटी. तिच्यात ओळीने चाळीस घरं आणि प्रत्येक घरात सहा बारीक टाचण्या. संगणकावरची ओळ टाचण्यांच्या रूपाने वर येते, मावशी तीवरून उजव्या हाताचं पहिलं बोट फिरवते, कळ दाबते, आणि पुढची ओळ वर येते. बोलणारा संगणक तिला या कामाला चालत नाही. तो वाचतो गोड, पण ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ पडला तरी तितक्याच गोडीने वाचून मोकळा होतो.

पट्टी धडधाकट होती. मेला होता तो संगणक, आणि पट्टीला चालवणारं कार्ड त्याच्या पोटात होतं. पट्टी बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, माहितीपुस्तक नव्हतं, नव्या संगणकासाठी ड्रायव्हर नव्हता. खुडबुड्याने ते कार्ड काढून तळहातापेक्षा थोड्या मोठ्या, उघड्या बोर्डाच्या संगणकात बसवलं, मावशीच्या टेबलावर पसारा मांडला आणि हात चोळले. सुटी वाया गेली असं त्याला अजिबात वाटलं नाही. बिनपत्त्याचं यंत्र समोर आलं की त्याला भूकतहान लागत नाही.

"आता मला नीट सांग काय करणार आहेस ते," मावशी म्हणाली.

"कार्डात खणांची रांग आहे. प्रत्येक खणाला पत्ता. कुठल्या तरी खणात आकडा लिहिला की टाचण्या हलणार. कुठल्या, ते सांगणारं जगात कुणी उरलेलं नाही."

"मग लिही की."

"तसं थेट नाही लिहिता येत. संगणकाचा आतला गाभा असतो, कर्नल. सगळ्यांवर त्याची देखरेख. पण कार्डावरचे खण त्यालाही असेच दिसत नाहीत. आधी ते त्याच्या स्वतःच्या पत्त्यांना जोडून द्यावे लागतात. मॅपिंग म्हणतात. मग तो इकडे लिहितो आणि ते तिकडे पोचतं."

मावशीने जरा विचार केला. "म्हणजे टोपणनावच. तुझं खरं नाव कागदोपत्री असेल ते असो, मी खुडबुड्या म्हटलं की तूच येतोस."

"अगदी तसंच."

मावशीने दोन्ही तळवे पट्टीवर पसरले आणि शोध सुरू झाला. तो एकेका खणात आकडा लिही, आणि ती सांगे. बराच वेळ ती "काही नाही, काही नाही" एवढंच म्हणत होती. मग एका आकड्यासरशी चाळीसच्या चाळीस घरांतल्या सगळ्या टाचण्या एकदम ताठ उभ्या राहिल्या, आणि मावशी खदखदून हसली. "अरे, अंगावर काटा आला हिच्या."

त्यानंतर दोघांना चटकच लागली. तो कामावरून थेट तिच्याकडे येऊ लागला. "नववं घर, डावीकडचा मधला," ती सांगे, आणि तो नकाशात भर घाली. हळूहळू त्यांना कळलं की हे खण कपाटातल्या खणांसारखे नाहीत. कपाटात ठेवलेली वस्तू तिथेच राहते. इथे एक खण असा निघाला की मावशीने कळ दाबली की त्यात खूण उमटायची, आणि ती नुसती वाचली की पुसली जायची. "लाजाळू आहे," मावशी म्हणाली. "बघितलं की मिटतो." दुसऱ्या एका खणात लिहिलेलं काहीच राहत नसे, पण लिहिलं की पट्टीच्या आत बारीक टिकटिक व्हायची. तो काय आहे हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही, आणि त्याबद्दल दोघं अजूनही वाद घालतात. सरतेशेवटी चाळीस घरांची जागा सापडली: ओळीने चाळीस खण, एका घराला एक. ज्या संध्याकाळी पट्टीवर पहिली सबंध ओळ उमटली त्या संध्याकाळी मावशीने ती चारपाच वेळा वाचली. त्याने तिथे तिचंच नाव लिहिलं होतं, पुढे 'बाईसाहेब' लावून.

"छान आहे," ती म्हणाली. "फक्त उजवी बाजू जरा मागून येते. लंगडत."

हे ती सहज म्हणाली होती, पण खुडबुड्याच्या मनाला लागलं. मावशीला लंगडी ओळ कशी द्यायची? घरी जाऊन त्याने डोकं चालवलं. कार्डाचे सगळे खण त्याने कडक रीतीने जोडले होते: लिहिलं की तत्काळ कार्डापर्यंत जायचं, वाचायचं तर दर वेळी कार्डाला जाऊन विचारायचं. रीत खात्रीची, पण संथ. लाजाळू खणांना तशी रीत हवीच. पण ठिपक्यांच्या त्या चाळीस खणांत लाजण्यासारखं काय होतं? तिथे नुसते ठिपके. साधी मेमरीच म्हणायची. तेव्हा त्याने त्या चाळीस खणांपुरता एक शब्द बदलला आणि प्रोसेसरला मुभा दिली, की ही जागा आपल्याच मेमरीसारखी समज आणि तुझ्या सोयीने वापर. ओळ झटक्यात येऊ लागली. शिवाय खबरदारी म्हणून त्याने एक पडताळणी घातली: प्रत्येक ओळ लिहून झाली की ड्रायव्हरने ती परत वाचायची आणि मूळ ओळीशी ताडून बघायची. इतकं पक्कं काम केल्यावर माणसाला झोप छान लागते, तशी त्यालाही लागली.

मावशीने नवं पुस्तक हातात घेतलं. शाळेतल्या मुलांसाठी मधमाश्यांवरचं होतं. थोड्याच दिवसांनी छापखान्याच्या बाईंचा फोन आला. मावशीने एका पानावर चुकीच्या म्हणून खुणा केल्या होत्या त्या ओळी मुळात बरोबर होत्या. मावशी म्हणाली, नजरचूक झाली असेल, आणि स्वतःच्या शब्दावर स्वतःच हसली. पण दुसऱ्या पानावर तेच झालं. मग तिसऱ्या पानावर एक खरी चूक तिच्या बोटाखालून निसटून गेली, आणि ते हसण्यासारखं नव्हतं.

"ओळ बदलते रे," तिने भाच्याला सांगितलं. "एकदा वाचते तेव्हा निम्मं वाक्य आधीच्याच ओळीतलं असतं. जरा थांबून पुन्हा बघावं तर नीट."

तो त्याच दिवशी आला. आपला लॅपटॉप तिच्या संगणकाला जोडून, चारपाच खिडक्या उघडून, मागे कसली कसली कामं लावून तिच्या शेजारी बसला. मावशीने पानंच्या पानं वाचली आणि एकही ओळ चुकली नाही. तो गेला, आणि तासाभरात पुन्हा तेच. पुन्हा आला, पुन्हा सगळं सुरळीत. तिची बहीण, म्हणजे खुडबुड्याची आई, म्हणाली, डॉक्टरकडे नेलं की मुलाचं पोट दुखायचं थांबतं, तसं झालंय हे. मावशीला हे झोंबलं. ती कधी मूल नव्हती, निदान या बाबतीत तरी नव्हती.

मग खुडबुड्याने पडताळणीच्या नोंदी काढल्या. हजारो ओळी. लिहिलेली आणि परत वाचलेली ओळ एकदाही वेगळी नव्हती.

त्याच सुमारास मावशी गुपचूप मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी बोटांना बारीक सुई टोचून पाहिली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची संवेदना थोडी कमी वाटते, ते म्हणाले, या वयात व्हायचंच, वाचताना अडचण येते का? ती म्हणाली, येते. त्यांनी आपल्या परीने सांगड घातली. त्यात त्यांचं काय चुकलं?

"तू नीट बघितलंस ना?" मावशीने त्याला विचारलं.

"बघितलं. प्रत्येक ओळ लिहून परत वाचलीय. एकही चूक नाही."

"म्हणजे बोटच."

यावर तो गप्प बसला, आणि अशा वेळी गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच. मावशीने मान हलवली. तिने छापखान्याच्या बाईंना कळवून टाकलं, की एवढं पुस्तक संपलं की मी थांबते. बाईंनी आग्रह केला, मग समजून घेतलं. खरं तर त्यांनी इतक्या लवकर समजून घ्यायला नको होतं.

काम गेलं असतं तर मावशीने ते सोसलं असतं. पण बोट हे तिचं नुसतं कामाचं हत्यार नव्हतं. सदरा उलटा की सुलटा, डाळीत खडा आहे की नाही, दाराशी आलेलं माणूस हात हातात देतं ते खरंच ओळखीचं आहे की उगाच सलगी करतंय, हे सगळं तिला त्या बोटाने सांगितलं होतं. आता तिचा त्यावरचा विश्वास उडाला. सदरा उलटा नाही ना, हे ती शेजारणीला विचारू लागली. सुई ओवणं सोडलं. ज्या घरात ती धावत फिरायची त्या घरात ती भिंतीला धरून चालू लागली, आणि खुडबुड्याच्या आईने हे त्याला फोनवर सांगताना रडून घेतलं. त्यालाही वाईट वाटलं, फार वाटलं. पण यंत्र बरोबर होतं, मग तो तरी काय करणार?

एके दुपारी तो कार्यालयातून लवकर सुटला आणि सहज तिच्याकडे डोकावला. दार उघडंच होतं. आत संगणकावर जुनी गाणी लागली होती आणि मावशी झपाझप वाचत होती. बोट पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होतं, कळ वाजत होती, कुठे अडखळणं नाही. तो दारातच उभा राहिला.

"कोण? खुडबुड्या? ये. आज बोट शहाण्यासारखं वागतंय."

"कसं काय?"

"गाणी लावली की वागतं. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, मन रमलं की शरीर सैल होतं. असेल बाबा." तिने त्याच्याशी बोलता यावं म्हणून गाणी बंद केली. "बघ, हे पान संपवते आणि चहा टाकते."

ती वाचू लागली. दुसऱ्या की तिसऱ्या ओळीला बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा थांबलं. तिच्या चेहऱ्यावरची मजा गेली. खुडबुड्याने पडद्याकडे पाहिलं. तिथे ओळ बरोबर होती, नोंदीतही बरोबर होती. इतके दिवस तो इथवर येऊन थांबत आला होता. आज, का कुणास ठाऊक, त्याने पडद्याऐवजी बोटाकडे पाहिलं. ते पट्टीच्या उजव्या टोकाजवळ होतं.

"मावशी, तुला कुठे चुकतंय असं लागतं?"

"शेवटी शेवटी."

"शेवटी म्हणजे कुठून? घर सांग."

एवढ्या दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती डावीकडून मोजत गेली. "इथपर्यंत नवी ओळ आहे. या पुढची आठ घरं आधीच्या ओळीची."

"आणि मागच्या वेळी?"

"तेव्हाही आठच असतील. कधी कधी उलटं होतं. शेवटची आठ नवी आणि अलीकडची सगळी जुनी. पण शिवण तिथेच असते."

खुडबुड्या खुर्चीवर न बसता टेबलाच्या कडेवर बसला. बधिर झालेल्या बोटाला घरं मोजता येतात का? बोट बधिर झालं तर ते पट्टीभर बधिर होईल. बत्तीस घरं ओलांडली की मगच बधिर व्हायचं, असा करार ते कुणाशी करेल? त्याला आतून काहीतरी टोचू लागलं, पण अजून कळत नव्हतं.

"स्वयंपाकघरातला रेडिओ चालतो का?" त्याने विचारलं.

"चालतो. आता काय नाचायचंय?"

त्याने रेडिओ आणून टेबलावर ठेवला आणि गाणी लावली, चांगली मोठ्याने. मावशी वाचू लागली. चौथ्या ओळीला अडली. शेवटची आठ घरं. रेडिओ बंद केला आणि संगणकावरची गाणी लावली. दोन पानं सलग, एकही अडखळ नाही. मग त्याने गाणी चालूच ठेवली पण संगणकाचा आवाज पार बंद करून टाकला. खोलीत चिडीचूप. मावशी वाचत गेली, वाचतच गेली.

"मला तर काही ऐकू येत नाहीये," ती म्हणाली.

"पण संगणक गातोय." त्याचा आवाज जरा बदलला होता. "मावशी, मन रमायचं काही कारण नाही. तुझं नव्हे, संगणकाचं रमतंय."

आणि मग त्याला सगळं एकदम दिसलं. तो शब्द. त्याने बदललेला तो एकच शब्द.

"काय झालं?" मावशीने विचारलं. ती माणसाचा श्वास ऐकूनही ओळखते.

"सांगतो. तुझी ओळ लवकर यावी म्हणून मी प्रोसेसरला म्हटलं होतं, ठिपक्यांची जागा तुझ्याच मेमरीसारखी समज. आपल्या मेमरीत तो काय करतो, तर लिहायला दिलेलं लगेच जागेवर नेऊन ठेवत नाही. खिशात ठेवतो. उठून जायचा कंटाळा. सवड झाली की ठेवतो. आणि खिशात तो एकेक खण ठेवत नाही, बत्तीस-बत्तीसचा पुडा करून ठेवतो. तुझी घरं चाळीस. म्हणजे एक पुडा बत्तिसाचा आणि दुसऱ्यात उरलेली आठ. एक पुडा पोचतो, दुसरा खिशातच."

"आणि गाणी?"

"गाणी लागली की खिशात गर्दी होते. जागा करायला तो जुने पुडे काढून पट्टीवर टाकून देतो. मी शेजारी बसायचो तेव्हाही तसंच व्हायचं, माझी पन्नास कामं चालू असायची. मी गेलो, तू एकटी शांतपणे वाचायला बसलीस, की खिशात जागाच जागा, पुडा तिथेच पडून. घाई कुणाला आहे?"

मावशी एकाग्रपणे ऐकत होती. "पण तू तर परत वाचून बघायचास. हजारदा बघितलंस म्हणालास."

हाच प्रश्न त्याला नको होता. "मी त्याला विचारायचो, पट्टीवर काय आहे. तो पट्टीपर्यंत जायचाच नाही. खिशात हात घालायचा आणि सांगायचा, हे बघ, बरोबर आहे. मी खिशालाच विचारत होतो, मावशी. पट्टीवर खरं काय आहे हे या घरात एकाच गोष्टीला माहीत होतं. तुझ्या बोटाला."

मावशीचे दोन्ही हात मांडीवर होते आणि उजव्या हाताचं बोट तिने डाव्या मुठीत धरलं होतं.

"मी सदरा शेजारणीला दाखवून घालते रे," ती म्हणाली. "रोज. ती बिचारी चांगली आहे, काही बोलत नाही. पण रोज."

"चुकलो मी."

"चुकलास ते राहू दे. चुका पकडण्यावरच मी पोट भरते. पण तू यंत्राला हजारदा विचारलंस आणि मला एकदाही विचारलं नाहीस, कुठे चुकतंय म्हणून. मला नुसता निकाल सांगितलास. निकालही सांगितला नाहीस, गप्प बसलास." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळे त्याला तो जास्त लागला. "आणि मीही काय शहाणी! तुझं ऐकलं. माझ्या बोटाचं मी नाही ऐकलं."

त्याने लॅपटॉप उघडला, तो शब्द जागेवर ठेवला, म्हणजे होता तसा कडक केला, आणि ड्रायव्हर नव्याने बनवून चढवला. पडताळणीही काढून टाकली. ओळ पुन्हा किंचित लंगडत येऊ लागली, डावीकडून उजवीकडे. मावशी म्हणाली, लंगडू दे, पोचते ना.

गाणी बंद होती. खोलीत कळीच्या टकटकीशिवाय आवाज नव्हता. तिने एक पान वाचलं, मग दुसरं. शेवटच्या आठ घरांवर बोट मुद्दाम हळू व्हायचं आणि पुढे जायचं. खुडबुड्या पडद्यावर तीच ओळ वाचत तिच्याबरोबर चालला होता, आणि प्रत्येक ओळ संपली की त्याचा जीव भांड्यात पडत होता.

मग एका ओळीच्या मधोमध बोट थांबलं. शिवणीपाशी नव्हे, तिथून बरंच अलीकडे.

पडद्यावर वाक्य होतं: मधमाशी पोळ्यावर नाचून इतरांना फुलांची वाट सांगते. बोट 'नाचून'च्या पहिल्या घरावर होतं. खुडबुड्याने पट्टीकडे वाकून पाहिलं. टाचण्या नीट वर आलेल्या होत्या. 'न'च्या चारही. यंत्राने या खेपेला काहीच चुकवलं नव्हतं.

"इथे म लागतोय," मावशी म्हणाली. "की न? एका ठिपक्याचा तर फरक."

तो सांगायला गेला.

"सांगू नकोस." तिने डावा हात वर केला. "न असणार हे मलाही कळतं. 'माचून' असा काही शब्द नाही. पण प्रुफं वाचणाऱ्याने अर्थावरून वाचायचं नसतं. अर्थ आपल्या डोक्यात आधीच तयार असतो, त्याला विचारलं की तो हो म्हणतो. ओळीत काय आहे ते ओळीलाच विचारावं लागतं, आणि तेही तिथे जाऊन."

बोट एक घर मागे आलं आणि पुन्हा त्या घरावर गेलं, सावकाश, जरा दाबून. उत्तर खुडबुड्याला समोर दिसत होतं आणि ते न सांगणं त्याला फार जड गेलं.

"उजवीकडचा मधला आहे," ती म्हणाली. "बारीक लागतो. पण आहे. न."

"हो."

"म्हणजे डॉक्टर खोटं बोलत नव्हते. थोडं गेलंय बोट."

"मावशी..."

"थोडं," ती म्हणाली. "एवढं माझं आहे. बाकीचं सगळं तुझं होतं आणि मी माझं समजून बसले होते. माझं मला सांभाळता येईल. जिथे शंका येईल तिथे दोनदा फिरवीन." तिने मुठीने डोळे पुसले, जरा घाईनेच, आणि सदऱ्याच्या कडेची शिवण बोटाने चाचपून पाहिली. सुलटी होती. "छापखान्यात फोन लाव. बाईंना म्हणावं, पुढचं पुस्तक मलाच पाठवा. का थांबणार होते असं विचारलं तर फोन माझ्याकडे दे, तुझी मी चांगली खरडपट्टी काढते."

तो नंबर शोधू लागला. मावशीने कळ दाबली आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.